महिन्याला एक टक्का

(किरणोपचारतज्ज्ञांच्या निरंतर वैद्यकीय शिक्षण परिषदेतील स्वागताध्यक्षीय भाषण, काचीगुडा, हैदराबाद)



स्वागताध्यक्षाकडून लोकांच्या दोनच अपेक्षा असतात. जेवण वेळेवर मिळावं आणि भाषण लवकर संपावं. पहिलीची जबाबदारी माझ्या घरच्या मंडळींनी घेतली आहे. दुसरीचा मी प्रयत्न करतो.

तुमच्यापैकी बरेच जण आज पहाटे काचीगुड्याच्या स्टेशनवर उतरले. घुमट आणि मिनारांची ती इमारत १९१६ सालची, सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या काळातली. निजामाच्या रेल्वेचा कारभार इथूनच चालायचा. मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड करत येणाऱ्या मीटरगेजच्या गाडीचं हेच शेवटचं ठाणं. १९५६ पर्यंत मराठवाड्याच्या पाचही जिल्ह्यांची राजधानी हैदराबाद होती. कज्जा असो, कॉलेज असो की दुखणं, माणूस इकडेच यायचा. पुढे राज्य बदललं, रूळ रुंद झाले, आता छत्रपती संभाजीनगरला शासकीय कर्करोग रुग्णालयही आहे. तरी जुनी पायवाट काही मोडली नाही. आजही पहाटेच्या गाडीतून एका हातात बोचकं आणि दुसऱ्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली फाईल घेऊन माणसं उतरतात. कुठे जायचं हे त्यांना रिक्षावाल्याला सांगावं लागत नाही. फाईल पाहून तोच ओळखतो.

ही माणसं ‘रेडिएशन’ म्हणत नाहीत. आमच्या मराठवाड्याकडची ‘शेक’ म्हणतात, कोणी ‘लाईट’ म्हणतं, हैदराबादी पेशंट ‘बिजली’ म्हणतो. चाळीस वर्षं मी त्यांच्याशी याच शब्दांत बोललो. या काळात एक गोष्ट माझ्या ध्यानात आली, ती मला एमडीला कोणी शिकवली नव्हती. पेशंटचा पहिला प्रश्न ‘मी बरा होईन का’ असा क्वचितच असतो. तो विचारतो, “साहेब, किती दिवस राहावं लागंल?” त्या ‘किती दिवस’मध्ये लॉजचं भाडं असतं, सोबत आलेल्या मुलाचा बुडालेला रोज असतो, घरी बांधलेली म्हैस असते. आणि या प्रश्नाचं उत्तर मी वर्षानुवर्षं विद्यार्थीदशेतल्या पुस्तकातून देत आलो. आज मला बोलायचंय ते एवढ्यावरच.

या शहरात १९५५ साली मेहदी नवाज जंग यांच्या पुढाकारानं रेडियम इन्स्टिट्यूट सुरू झाली. आज आपण तिला एमएनजे म्हणून ओळखतो. जंगसाहेब पुढे गुजरातचे पहिले राज्यपाल झाले. त्या पिढीच्या हातात रेडियम होतं. रेडियमचं अर्धायुष्य सुमारे १६०० वर्षं. आजोबांनी वापरलेली नळी नातवालाही पुरावी, असा तो पदार्थ. माझ्या गुरूंचा ज्ञानाविषयीचा विश्वासही साधारण तसाच होता. एकदा शिकलं की जन्माला पुरलं.

आमच्या वाट्याला आला कोबाल्ट. त्याचं अर्धायुष्य सव्वापाच वर्षांचं. दर महिन्याला साधारण एक टक्का ताकद घटते. माझ्या पहिल्या नोकरीत फिजिसिस्ट दर एक तारखेला नवा तक्ता टाइप करून मशीनच्या कन्सोलशेजारी चिकटवायचे. गेल्या महिन्यात अमुक इतके सेकंद लागत होते, या महिन्यात इतके. तक्ता लावायला एक दिवस उशीर झाला तर ते अस्वस्थ व्हायचे. आम्ही डॉक्टर हसायचो. मशीनच्या स्रोताची इतकी काळजी, आणि शेजारी उभ्या असलेल्या डॉक्टरच्या डोक्यातला स्रोत किती घटला, हे मोजायला मात्र कोणी नाही, हे तेव्हा सुचलं नाही.

भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारनियमांनी डॉक्टरला दर पाच वर्षांत किमान ३० तास निरंतर शिक्षणासाठी द्यायला सांगितलं. पाच वर्षं म्हणजे कोबाल्टच्या अर्धायुष्याच्या जवळपास. हा योगायोग आहे, नियम लिहिणाऱ्यांच्या मनात कोबाल्ट नसणार. पण हिशेब करून पाहा. पाच वर्षांत ३० तास म्हणजे महिन्याला अर्धा तास. इथून कोठीच्या उस्मानिया मेडिकल कॉलेजपर्यंत जायला संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये याहून जास्त वेळ लागतो.

कोठीचा विषय निघालाच आहे तर या शहराची एक जुनी गोष्ट सांगतो. १८८८ आणि १८८९ मध्ये हैदराबादला दोन क्लोरोफॉर्म कमिशन झाली. याच कॉलेजचं मूळ असलेल्या मेडिकल स्कूलचे प्रमुख एडवर्ड लॉरी यांचा ठाम दावा होता की क्लोरोफॉर्मच्या भुलीत आधी श्वास थांबतो, हृदयाला थेट धोका नाही. तेव्हा श्वासावर लक्ष ठेवा, नाडीची चिंता करू नका. निजाम सरकारनं पैसे दिले, लंडनहून लॉडर ब्रंटन आले, शेकडो जनावरांवर प्रयोग झाले आणि निष्कर्ष लॉरींच्या बाजूनं लागला. त्या काळात एवढ्या कष्टानं केलेलं संशोधन फार थोडं असेल. हैदराबादचं नाव जगभर झालं. आणि निष्कर्ष चुकीचा होता. १९११ मध्ये गुडमन लेव्ही यांनी दाखवून दिलं की क्लोरोफॉर्मच्या हलक्या भुलीत हृदय थरथरून अचानक बंद पडू शकतं. मधली वीस-बावीस वर्षं हैदराबादच्या भरवशावर कोणी कोणी नाडीवरचं बोट काढलं असेल, याचा विचार केला की मी अस्वस्थ होतो. लॉरी आळशी नव्हते, अडाणीही नव्हते. त्यांना आपलं म्हणणं पटलं होतं, एवढंच.

माझी गोष्ट याहून साधी आहे आणि त्यात माझ्या बाजूनं बोलण्यासारखं काही नाही. २००६ च्या जूनमध्ये परभणीकडचे एक शेतकरी आले. प्रोस्टेटचा कॅन्सर खुब्यापर्यंत पसरलेला, पाय टेकवत नव्हता. मी नेहमीप्रमाणे लिहून दिलं: ३० ग्रे, दहा फ्रॅक्शन, दोन आठवडे. ते म्हणाले, “साहेब, मिरग लागलाय. एकाच दिवसात नाही का व्हायचं?” मी म्हणालो, “बाबा, हे इंजेक्शन नाही.” दुखऱ्या हाडाला ८ ग्रेचा एकच डोस दिला तरी वेदना तितकीच कमी होते, हे १९९९ मध्ये हॉलंडच्या ११७१ रुग्णांच्या अभ्यासात दिसलं होतं. अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासातही २००५ मध्ये तेच आलं. एका डोसनंतर काही रुग्णांना पुन्हा शेक द्यावा लागतो, हे खरं. पण माझ्यासमोरच्या माणसाला विचारलं असतं तर त्यानं काय निवडलं असतं, हे मला माहीत होतं. त्यातला एक शोधनिबंध माझ्या टेबलावर होता, कोपऱ्यावर चहाच्या कपाचा डाग पडलेला. मी तो वाचला होता, आणि तरी हात सवयीनं चालला. दोन आठवडे ते धर्मशाळेच्या ओसरीवर बसून होते. तीन महिन्यांनी त्यांच्या मुलाचं पत्र आलं, सगळं संपल्याचं. पत्रात तक्रार नव्हती, आभारच होते. त्या तीन महिन्यांतले पंधरा दिवस मी घेतले होते.

म्हणून निरंतर शिक्षण म्हणजे नवीन मशीनची माहिती, असं कोणी म्हटलं की मला ते पुरेसं वाटत नाही. नवीन शिकणं त्या मानानं सोपं. सवयीच्या वहीतलं जुनं पान फाडायला जोर लागतो.

स्तनाच्या कर्करोगाचंच घ्या. माझ्या काळात ५० ग्रे, २५ फ्रॅक्शन, पाच आठवडे. मग ब्रिटनच्या अभ्यासांनी तीन आठवडे पुरतात हे दाखवलं. २०२० मध्ये फास्ट-फॉरवर्ड अभ्यासाचा निकाल आला: ४०९६ रुग्ण, एका आठवड्यात पाच फ्रॅक्शनमध्ये २६ ग्रे, आणि पाच वर्षांनंतर रोग उलटण्याचं प्रमाण तीन आठवड्यांच्या उपचारापेक्षा वाईट नाही. प्रत्येकीला हे चालेल असं नाही, प्लॅनिंग काटेकोर हवं, आणि उद्याच्या सत्रात त्यावर वाद होणार आहे. व्हावाच. पण नांदेडहून आलेल्या बाईंसाठी पाच आठवडे आणि एक आठवडा यांत किती फरक आहे, हे वाद घालताना विसरू नका.

दुसरा मुद्दा गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा, आणि इथे मला आपल्याच माणसांविषयी बोलायचंय. आपल्याला वाटतं ज्ञान लंडन-ह्यूस्टनहून येतं आणि आपण ते इथे उतरवून घेतो. उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात, १९९९ मध्ये सुरू झालेला अभ्यास आठवा. बार्शीचं नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल, टाटा मेमोरियल आणि लिऑनची आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून तो केला. खेड्यांचे ५२ गट, १,३१,७४६ स्त्रिया. एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीनं पुढे गेलेल्या रोगाचं आणि मृत्यूंचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. २००९ मध्ये तो प्रसिद्ध झाला आणि जगभरच्या तपासणी-धोरणांमध्ये त्याचा आधार घेतला गेला. ज्यांच्या अंगणात हे ज्ञान तयार झालं, त्यांच्या लेकीसुना आजही तिसऱ्या टप्प्यावर आपल्या ओपीडीत येतात. डॉक्टरांचं शिक्षण ओपीडीच्या दारात अडतं, ते हे असं.

त्या तिसऱ्या टप्प्यावरही आपल्याकडे उत्तर आहे, आणि तेही इथलंच. टाटा मेमोरियलनं ८५० स्त्रियांवर केलेला, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास: शेकासोबत दर आठवड्याला सिस्प्लॅटिन दिलं तर पाच वर्षांनी शंभरातल्या ५४ जिवंत, नुसत्या शेकानं ४६. आठचा फरक. मग, ज्यांची शस्त्रक्रिया झालेली असते त्यांच्यासाठी, २०२१ चा पार्सर अभ्यास: इमेज पाहून नेमका शेक दिला तर तीन वर्षांत आतड्याचा मध्यम किंवा त्याहून जास्त त्रास ४२ टक्क्यांवरून २१ टक्क्यांवर. ज्या बाईला जेवल्यावर लगेच घराबाहेर धावावं लागत नाही, तिला ही टक्केवारी समजावून सांगावी लागत नाही.

आता थोडी कटू गोष्ट. ज्या परिषदांमधून आपण हे शिकायचं, त्यांची अवस्था तुम्हाला ठाऊक आहे. सकाळी सही, दुपारी पिशवी, संध्याकाळी जेवण आणि मध्ये स्टॉलवरची गर्दी. वक्ता बोलतो, ऐकणारा मोबाईलवर, आणि क्रेडिटचे तास दोघांच्याही खात्यावर. या दोन दिवसांत कोणत्याही कंपनीची पिशवी मिळणार नाही. वही आणि पेन्सिल आमच्याकडून. पेन्सिल मुद्दाम दिली आहे, तिनं लिहिलेलं खोडता येतं. हजेरी सत्राच्या सुरुवातीला नाही, शेवटी घेतली जाईल. यावरून रागावलेल्यांनी माझ्याकडे यावं, विद्यार्थी स्वयंसेवकांवर चिडू नये.

दुसरी विनंती बसण्याबद्दल. टेक्नॉलॉजिस्ट आणि फिजिसिस्ट नेहमीप्रमाणे मागच्या रांगेत जाऊन बसले आहेत. त्यांनी पुढे यावं. रोज पेशंटला टेबलावर झोपवणारा माणूस आणि डोसचा हिशेब राखणारा माणूस मागे, आणि महिन्यातून एकदा लिनॅकच्या खोलीत डोकावणारे आपण पुढे, हे मला बरं दिसत नाही.

जेवणात बगारा भात, मिरची का सालन आणि ज्वारीची भाकरी आहे. पुण्याच्या मंडळींनी आमच्या मराठीला हसू नये. निजामाच्या राज्यात वाढलेली ती भाषा आहे, तिच्या पदराला दखनीची किनार आहे. इथे ‘नक्को’ म्हटलं तरी लोक आग्रह करून वाढतात, एवढं ध्यानात ठेवा. उद्या रात्रीच्या गाडीनं निघणाऱ्यांनी नावं चार वाजेपर्यंत द्यावीत, स्टेशनवर सोडायची व्यवस्था आहे. चालत गेलात तरी हरकत नाही.

रिवाज असा की स्वागताध्यक्षाच्या भाषणानंतर उद्घाटनाचं व्याख्यान होतं. अध्यक्षांची परवानगी घेऊन मी त्यात थोडा बदल केला आहे. पडद्यावर आता एक सीटी दिसेल, नाव काढून टाकलेला. गर्भाशयमुखाचा कर्करोग, तिसरा टप्पा. तुमच्या वहीच्या पहिल्या पानावर तीच छबी छापली आहे. व्याख्यान ऐकण्याआधी प्रत्येकानं त्यावर टार्गेट काढायचं. कुठून कुठपर्यंत शेक द्याल, तेवढी रेघ. नाव लिहू नका. वीस मिनिटांनी सगळी पानं एकावर एक ठेवून पाहू, आणि आपण एकाच बाईवर किती वेगवेगळे उपचार करणार होतो ते या भिंतीवर दिसेल. माझं पान मी काल रात्रीच काढून स्वयंसेवकाकडे दिलं आहे. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तेव्हा त्यातला घट धरून पाहावं.

दिवे थोडे कमी करा. पेन्सिली घ्या.