खांदा पुन्हा पुन्हा निखळतो तेव्हा

आम्ही खडकीच्या बचत गटातून बोलतोय.

आमच्या गटातल्या एका ताईंचा खांदा तीनदा निखळला. पहिल्यांदा ओल्या जिन्यावरून घसरल्या तेव्हा. दुसऱ्यांदा वाळत घालायची साडी दोरीवर टाकताना. तिसऱ्यांदा तर माळ्यावरचा डबा काढायला हात वर केला, तेवढ्यानं. घरचे म्हणायचे, "सवय झालीय, बसवून घेऊ." पण ही सवय नव्हे, आतली दुखापत आहे.

खुब्याचा गोळा खोल वाटीत बसलेला असतो. खांद्याचा गोळा मात्र बशीतल्या लिंबासारखा. म्हणून तर आपला हात चहूकडे फिरतो, आपली वेणी आपल्याला घालता येते. लिंबू घरंगळू नये म्हणून बशीला भोवतीनं एक चिवट कड असते. खांदा पुढे निखळला की बहुतेक वेळा ही कड फाटते. एकदा फाटली की पुढच्या वेळी छोटंसं निमित्त पुरतं. पहिल्या वेळी वय जितकं लहान, तितकी पुन्हा निखळायची भीती जास्त. कबड्डी खेळणाऱ्या मुली घरात असतील तर हे ध्यानात ठेवा. चाळिशीनंतर वेगळी काळजी असते. सांधा बसवल्यावरही हात उचलता येत नसेल तर स्नायूची दोरी तुटलेली असू शकते, ते तपासून घ्यायला हवं.

खांदा निखळला तर हात ओढू नका, कुणाला ओढू देऊ नका. नस दुखावते, हाडाचा टवका उडालेला असला तर तोही सरकतो. ओढणीची झोळी करून हात छातीशी बांधा आणि दवाखाना गाठा. तिथे एक्स-रे काढून मग सांधा बसवतात. दंडाला बधीरपणा वाटला तर लगेच सांगा.

प्रत्येकीला ऑपरेशन लागतं असं नाही. पुष्कळ जणींचं झोळी आणि व्यायाम यांवर भागतं. पुन्हा पुन्हा निखळू लागला की मात्र डॉक्टर एमआरआय काढून ठरवतात. नुसती कड फाटली असेल तर लहान छिद्रांतून दुर्बीण घालून ती हाडाला परत टाचतात. या दुरुस्तीला बँकार्ट या इंग्रज सर्जनचं नाव आहे, त्यांनी १९२३ साली ही दुखापत नीट मांडली. बशीचं हाडच झिजलं असेल तर टाके पुरत नाहीत. मग खांद्याच्याच पुढच्या हाडाचा तुकडा तिथे स्क्रूनं बसवतात.

पैशाची धास्ती सगळ्यांनाच. महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसतात. रेशन कार्ड, आधार घेऊन जा आणि आपलं ऑपरेशन यादीत आहे का, हे भरती होण्याआधीच विचारा.

खरी अडचण नंतरची. हात चार ते सहा आठवडे झोळीत, मग कित्येक महिने व्यायाम. आणि घरात पोळ्या कोण लाटणार? आमच्या खडकीत पॅराप्लेजिक सेंटर आहे. कण्याला इजा झालेले जवान तिथे हातांनी चाकाची खुर्ची ढकलतात. त्यांचे खांदे हेच त्यांचे पाय, हे सगळ्यांना पटतं. बाईच्या खांद्यावर घर चालतं, हे मात्र तो बंद पडल्यावर कळतं! ताई ऑपरेशन टाळत होत्या त्या याच कारणानं, दुखण्याला भिऊन नव्हे.

मग गटाच्या बैठकीत आम्ही वार वाटून घेतले. सोमवारी एकीनं पाणी भरायचं, मंगळवारी दुसरीनं भाकरी पोचवायच्या. त्यांच्या मुलाला कुकर लावायला शिकवलं. नवऱ्यानं कुरकुर केली, पण धुणं धुतलं. कर्जाचा हप्ता दोन महिने पुढे ढकलला आणि तो ठराव वहीत लिहिला.

काही बारीक गोष्टी त्यांनीच आम्हाला सांगितल्या. ब्लाउज पुढून हुकांचा घ्यायचा. घालताना दुखरा हात आधी, काढताना शेवटी. रात्री उशांना टेकून, कोपराखाली घडी ठेवून निजायचं. बोटं आणि मनगट हलवत राहायचं. खांदा मात्र फिजिओथेरपिस्ट सांगतील तेव्हाच आणि सांगतील तेवढाच.