गाडग्यात मुरलेलं वय

माझी जन्मतारीख १ जून. तुमच्यापैकी अनेकांचीही हीच असेल. आमच्या पाटण तालुक्यातल्या शाळेत गुरुजींनी निम्म्या वर्गाला ही तारीख वाटून टाकली होती. कागदावर माझं साल १९६७. अम्मा मात्र म्हणायची, "कोयनेचा भूकंप झाला त्या पहाटे तू पोटात सात महिन्यांचा होतास." भूकंप झाला ११ डिसेंबर १९६७ ला. म्हणजे कागदाप्रमाणे मी तेव्हा सहा महिन्यांचा, अंगावर पिणारा. आणि अम्माच्या हिशेबानं अजून जगात यायचाच होतो. बी. ए. झालो, नोकरी केली, ती सगळी कागदावरच्या वयानं. विश्वास अम्मावर.

वय काढणं ही अशी अवघड गोष्ट. माणूस निदान बोलतो तरी. खापर काय सांगणार?

२०२० च्या टाळेबंदीत घरात बसून वर्तमानपत्रं चाळताना एक बातमी वाचली. लंडनच्या शोर्डिच भागात बांधकामाआधी झालेल्या उत्खननात नवाश्मयुगाच्या सुरुवातीच्या काळातली खापरं सापडली होती. ४३६ तुकडे, निदान २४ भांड्यांचे, सगळे मिळून साडेसहा किलो. ब्रिस्टल विद्यापीठातल्या रिचर्ड एव्हरशेड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांचं वय काढलं : इसवी सनापूर्वी ३६०० च्या आसपास, आणि तेही १३८ वर्षांच्या पट्ट्यात. साडेपाच हजार वर्षांपूर्वीच्या भांड्याच्या बाबतीत हा पट्टा फारच अरुंद. हे काढलं कशावरून? तर मातीत मुरलेल्या दुधातुपावरून आणि मांसाच्या चरबीवरून!

कार्बन-१४ चं नाव तुम्ही ऐकलं असेल. आकाशातून येणाऱ्या किरणांमुळे हवेच्या वरच्या थरात तो तयार होतो. लाख कोटी कार्बन अणूंमध्ये जेमतेम एक, इतका विरळ. झाडं तो हवेतून घेतात, गाय चारा खाते, आपण दूध पितो. जीव आहे तोवर ही आवक चालू. जीव गेला की आवक बंद आणि नुसता खर्च सुरू. ५७३० वर्षांत शिल्लक निम्मी. उरलेली शिल्लक मोजून वय काढायची ही रीत अमेरिकेत विलर्ड लिबी यांनी १९४९ मध्ये जगापुढे मांडली, १९६० मध्ये त्यांना नोबेल मिळालं. आपल्याकडे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत साठच्या दशकात नेवाशाच्या ताम्रपाषाण वस्तीतला कोळसा असाच तपासला गेला.

पण कोळसा म्हणजे भांडं नव्हे. चुलीत शंभर वर्षांच्या जुन्या झाडाचं खोड घातलं असेल, तर कोळसा शंभर वर्षं म्हातारा निघणार. बरं, मातीतला कार्बन घ्यावा, तर तो कुंभार जन्मायच्या कितीतरी आधीचा. मग भांड्याच्या आत करपून चिकटलेली खरवड घ्यावी, तर तिथं माशाची अडचण. चुनखडीच्या प्रदेशातल्या तळ्यांत फार जुना कार्बन विरघळलेला असतो, तो माशांत उतरतो, आणि कालवण शिजवलेलं भांडं शेकडो वर्षांनी जुनं दिसू लागतं.

राहिली ती मुरलेली चरबी. ही गोष्ट मला चटकन पटली, कारण आमच्या घरी दह्याचं गाडगं होतं. अम्मा ते राखेनं घासायची, उन्हात पालथं घालायची. तरी दुसऱ्या दिवशी त्याला दह्याचा वास असायचाच. कधी विरजण संपलं, तर ती बिनधास्त कोमट दूध त्यात ओतायची. म्हणायची, "गाडग्यालाच येतं." कधी कधी दही लागायचंही! माती आपल्यात मुरलेलं सहजी सोडत नाही, एवढं तिला ठाऊक होतं.

ब्रिस्टलच्या लोकांना हे ठाऊक असूनही काम तडीला न्यायला वीसेक वर्षं लागली. खापर दळायचं, त्यातली चरबी काढायची, तिच्यातली पामिटिक आणि स्टिअरिक ही दोन आम्लं वेगळी करायची, आणि हे करताना प्रयोगशाळेतल्या द्रावणाचा कणही त्यात राहू द्यायचा नाही. दोन्ही आम्लांचं वय वेगवेगळं काढायचं. दोन साक्षीदारांची साक्ष जुळली तरच निकाल. एवढ्यावरही भागलं नाही. ज्याचं वय आधीच पक्कं आहे, असं भांडं कसोटीला हवं होतं. ते मिळालं इंग्लंडमधल्या सॉमरसेटच्या दलदलीत. तिथं १९७० साली पीट खणताना एक जुनी लाकडी पायवाट सापडली होती. तिचं नाव स्वीट ट्रॅक. लाकडांच्या वर्तुळांवरून कळलं होतं, की ही झाडं इसवी सनापूर्वी ३८०७-०६ च्या हिवाळ्यात तोडली. वाटेलगत खापरंही होती. एका भांड्यात तर हेझलनट होते. कुणाच्या तरी हातून पडलं असणार, आणि घरी बोलणीही बसली असणार! त्या वाटेवरच्या खापरांतल्या चरबीनं सांगितलेलं वय लाकडाशी जुळलं.

हे वाचताना मला अम्माची कचेरी आठवली. वृद्धांच्या अनुदानासाठी पासष्ट वर्षं पुरी झाल्याचा पुरावा हवा होता. तिच्याकडे जन्मदाखला नाही, शाळेचा तर प्रश्नच नाही. ती सांगत राहिली, "गांधीबाबा गेले तेव्हा माझे दुधाचे दात पडत होते." म्हणजे जन्म ४१-४२ चा, हिशेब चोख. कारकुनानं डॉक्टरांकडे धाडलं. डॉक्टरांनी तोंड उघडायला लावलं, दात बघितले आणि लिहिलं : अंदाजे साठ. दात शाबूत होते, हाच तिचा गुन्हा. पाच वर्षं थांबावं लागलं. अनुदान सुरू झाल्यावर ती दोनच वर्षं होती.

आता कळतं, की दातांवरून वय खरंच काढता येतं, पण ते असं बघून नव्हे. पन्नास-साठच्या दशकांतल्या अणुचाचण्यांनी हवेतला कार्बन-१४ जवळजवळ दुप्पट झाला होता. त्या काळात घडलेल्या दातांच्या कवचात त्याची नोंद आहे. २००५ मध्ये स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी त्यावरून माणसाचं जन्मसाल काढून दाखवलं. अम्माचे दात बहुतेक चाचण्यांच्या आधीच घडलेले. तेवढं दिसलं असतं तरी तिचं काम झालं असतं.

माझ्या दातांत मात्र ती नोंद असणार. मी उत्साहानं पुढे वाचलं, तर त्या मोजणीतच दीड-एक वर्षाची चूक धरलेली. माझा वाद आठ महिन्यांचा. गाडगं अजून माझ्या माळ्यावर आहे. परवा पावसाळी हवेत खाली काढलं, पाणी शिंपडलं आणि नाक जवळ नेलं. बायको म्हणाली, "धुवून देऊ का?" मी नको म्हटलं.