स्वतः शिकलेल्यानें आपलें विणकाम कसें सुधारावें?

(सुयांवरचें लोकरीचें विणकाम घरच्याघरीं शिकणाऱ्या मंडळींपुढें दिलेलें व्याख्यान)



येथें जमलेल्यांपैकीं बहुतेकजण विणकाम कोणा मास्तरणीकडून शिकलेले नाहींत. कोणी शेजारणीच्या हाताकडे पाहून शिकली, कोणी मोबाईलवर पाहून शिकली. मफलर जमतो, कानटोपीही जमते. पण स्वेटर करावयास घेतला कीं तो पोराच्या डोक्यावरून उतरत नाहीं, नाहींतर खांद्यावरून घसरतो. लोकरीचे पैसे गेले, महिनाभराची रात्रींची मेहनत गेली. मग घरांतलीं माणसें म्हणतात, "बाजारांत तयार मिळतो, कशाला डोळे फोडतेस?" बाई सुया गुंडाळून ठेवते. आपल्याला कोणी शिकवलें नाहीं म्हणून आपल्याला येणार नाहीं, अशी तिची समजूत होऊन बसते. ही समजूत खोटी आहे.

शिकवणारा असला म्हणजे विशेष काय होतें? हात तर आपलाच चालवावा लागतो. शिकवणारा चूक लौकर दाखवतो, हाच त्याचा मोठा उपयोग. सुतार गुण्या लावून पाहतो, गवंडी ओळंबा सोडून पाहतो. कसब बापाकडून आलेलें असो वा स्वतः मिळवलेलें असो, ओळंबा दोघांनाही सारखाच खरें सांगतो. तेव्हां विणकामाचे गुण्या-ओळंबे कोणते, तें पाहूं.

पहिला म्हणजे टाका वाचणें. सुलट वीण समोर धरून पहा. प्रत्येक टाक्याचे दोन पाय खालीं जुळलेले आणि वर फांकलेले दिसले पाहिजेत. ते खालीं एकमेकांवर चढलेले असतील, तर टाक्याला पीळ पडला आहे असें समजा. पाहून पाहून शिकलेल्यांच्या हातीं ही चूक फार आढळते, आणि वर्षानुवर्षें ती कळतही नाहीं. तिचें कारण साधें आहे. नेहमींच्या रीतींत सुईचें टोक आपल्याकडे करून पाहिलें असतां धागा घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेनें सुईभोवतीं फिरतो. उलट टाके घालतांना पुष्कळजणी तो दुसऱ्या बाजूनें फिरवतात, आणि त्याचा पीळ पुढच्या सुलट ओळींत उतरतो. अशी वीण आंवळ होते, कमी ताणली जाते. मग गळा डोक्यावरून जाईल कसा?

इंग्लंडांत १५८९ सालीं विल्यम ली यानें मोजे विणण्याचें यंत्र तयार केलें. तो पाद्री होता असें सांगतात. कोणता फांस कोणत्या फांसांतून निघतो, हें बारकाईनें पाहिल्यावांचून असें यंत्र करतां येणार नाहीं. तेंच पाहणें आपणही करावयाचें आहे.

दुसरा ओळंबा मापाचा. मागावर ताणा लावणारा विणकर आधीं धागे मोजतो, मग धोटा चालवतो. आपण मात्र पुस्तकांत लिहिले तितके टाके घालून मोकळ्या होतों! समजा, पोराच्या अंगाला सैलपणा धरून ६० सेंटिमीटर घेर हवा. पुस्तकवालीच्या हाताचे १० सेंटिमीटरांत २० टाके बसतात, म्हणून तिनें १२० टाके सांगितले. तुमचा हात आंवळ, तुमचे १० सेंटिमीटरांत २२ बसतात. मग त्याच १२० टाक्यांचा घेर साडेचोपन्न सेंटिमीटरच भरेल. साडेपांच सेंटिमीटर कमी पडले, यांत पोराचा दोष काय? तुम्हांला १३२ टाके घालावयास हवे होते, किंवा थोडी जाड सुई घेऊन पुन्हां मोजावयास हवें होतें.

म्हणून त्याच लोकरीचा, त्याच सुयांवर, वीतभर चौकोनी तुकडा आधीं विणावा. स्वेटर ज्या रीतीनें धुणार त्याच रीतीनें तो धुवावा, पसरून वाळवावा आणि मधोमध मोजावा. कांठ ओढलेला असतो, तेथें माप खोटें येतें. खऱ्या लोकरीला कढत पाण्यांत चोळूं नये. तिच्या तंतूंवर बारीक खवले असतात, ते एकमेकांत गुंततात आणि वीण आटून घट्ट होते.

तिसरी गोष्ट उसवण्याची. उसवतांना पुष्कळांना लाज वाटते. पण कातरलेलें कापड सांधतां येत नाहीं, विणलेला धागा मात्र सबंध परत हातीं येतो. ही या कामाची मोठी सवलत आहे, ती कां सोडावी? अवघड नक्षी सुरू करण्यापूर्वीं शिवणाच्या सुईनें वेगळ्या रंगाचा दोरा सुईवरच्या सगळ्या टाक्यांतून ओंवून ठेवा. पुढें बिघडलें तर त्या दोऱ्यापर्यंत निर्धास्त उसवा. टाके तेथें थांबतील. एखादाच टाका निसटून खालीं शिडी पडली असेल, तर सगळें उसवावयास नको. क्रोशाची सुई घेऊन तो फांस धरा आणि शिडीची एकेक पायरी त्यांतून ओढीत वर या.

एका वेळीं एकच नवी गोष्ट शिका. एक सुलट एक उलट पट्टी नीट आली कीं टाके घटवणें, तें आलें कीं गोल विणणें, मग मोज्याची टांच. आणि एक वही ठेवा. लोकर कोणती, सुई किती नंबरची, १० सेंटिमीटरांत टाके किती, हें लिहून ठेवलें म्हणजे पुढल्या वर्षीं पुन्हां अंदाजावर रहावें लागत नाहीं.

आज घरीं गेल्यावर नवा स्वेटर सुरू करूं नका. पूर्वीं विणलेला एखादा तुकडा काढा, दिव्याशीं धरून टाक्यांचे पाय पहा, फूटपट्टी लावून मोजा, आणि तो आंकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहा. मग लोकर विकत घ्या.