पार्ट-टाइम शिकायला स्टडी परमिट मिळतं का? कॅनडाची एक गोष्ट

आजचा एपिसोड जरा वेगळा आहे. गेल्या काही दिवसांत एकच प्रश्न बऱ्याच जणांनी विचारलाय. "कॅनडात पार्ट-टाइम कोर्सला ॲडमिशन घेतलं तर स्टडी परमिट मिळेल का?" फी कमी भरावी लागते, उरलेल्या वेळात काम करता येईल, असा साधारण हिशोब असतो. हिशोब ऐकायला छान वाटतो. पण त्यात एक मोठी चूक आहे. ती चूक मी स्वतः एकाला शिकवली होती, म्हणून आधी ती गोष्ट सांगतो.

मी ओंटारिओमध्ये शिकत होतो तेव्हा माझा एक रूममेट होता, जळगावकडचा. दोन वर्षांचा डिप्लोमा करत होता. घरच्यांनी शेताचा तुकडा गहाण ठेवून कर्ज काढलेलं. पहिला सेमिस्टर नीट गेला. दुसऱ्यात पाच विषय, वर गोडाऊनमधली रात्रपाळी. फेब्रुवारीत, बाहेर बर्फ साचलेला, हा किचनमध्ये चहा करता करता म्हणाला, "भाऊ, दोन विषय ड्रॉप करू का? पुढच्या सेमिस्टरला घेतो. फेल होण्यापेक्षा बरं." मी लॅपटॉपमधून मान वर न करता म्हणालो, "कर की. परमिटवर तारीख आहे ना अजून? मग टेन्शन काय?"

त्याने दोन विषय ड्रॉप केले. कामही चालू ठेवलं. पुढे ते विषय घेतले, पास झाला, डिप्लोमा हातात आला. आणि नंतरचं वर्क परमिट नाकारलं गेलं. कारण मधल्या एका सेमिस्टरला तो पार्ट-टाइम होता. शेवटी तो परत आला. कर्ज मात्र तसंच राहिलं.

आता नियम समजून घेऊ. एकेक पायरी.

पहिली पायरी. कोर्स सहा महिन्यांचा किंवा त्याहून कमी असेल तर साधारणपणे स्टडी परमिट लागतच नाही. व्हिजिटर म्हणून जाऊन तो करता येतो. फक्त व्हिजिटर म्हणून नोकरी करता येत नाही. सहा महिन्यांपेक्षा मोठा कोर्स असेल तर परमिट हवं. आणि भारतात बसून ऑनलाइन शिकणार असाल, तर परमिटचा प्रश्नच येत नाही.

दुसरी पायरी. परमिटची मूळ अट काय? तुम्ही डीएलआयमध्ये, म्हणजे सरकारने मान्यता दिलेल्या संस्थेत, नाव नोंदवलेलं पाहिजे आणि कोर्स पूर्ण करण्याच्या दिशेने खरोखर शिकत राहिलं पाहिजे. इथे गंमत बघा. या अटीत फुल-टाइमच हवं असं नाही. दर सेमिस्टरला फुल-टाइम किंवा पार्ट-टाइम नोंदणी चालू असली, प्रगती होत असली, तर परमिटची ही अट पाळली जाते. म्हणजे मूळ प्रश्नाचं उत्तर "हो, मिळू शकतं" असंच आहे.

मग अडतं कुठे? तिसऱ्या पायरीवर. काम करण्याचा हक्क परमिटसोबत आपोआप येत नाही, त्याच्या अटी वेगळ्या आहेत. कॅम्पसबाहेर काम करायचं तर तुम्ही फुल-टाइम विद्यार्थी असावं लागतं, कोर्स किमान सहा महिन्यांचा आणि पदवी, डिप्लोमा किंवा सर्टिफिकेट देणारा असावा लागतो. मग सेमिस्टर चालू असताना आठवड्याला २४ तास काम करता येतं. आधी ही मर्यादा २० तास होती, नोव्हेंबर २०२४ पासून २४ झाली. पार्ट-टाइम असाल तर हा आकडा २४ नाही, शून्य आहे. कॅम्पसच्या आतल्या कामालाही फुल-टाइम असणं लागतं. म्हणजे "लायब्ररीत करतो की काम" हाही रस्ता बंद.

आमच्या धंद्यातलं उदाहरण देतो. लॉगिन टोकन एक्सपायर झालेलं नाही, म्हणजे सगळ्या फोल्डरचा ॲक्सेस आहे असं होत नाही ना? परमिटवरची तारीख म्हणजे ते टोकन. माझा रूममेट देशात राहू शकत होता. पण ज्या दिवशी तो पार्ट-टाइम झाला, त्या दिवसापासून त्याची रात्रपाळी बेकायदेशीर होती. त्याला ते माहीत नव्हतं. मलाही नव्हतं.

चौथी पायरी, आणि बहुतेकांचा खरा डोळा हिच्यावर असतो. पोस्ट ग्रॅज्युएशन वर्क परमिट, म्हणजे पीजीडब्ल्यूपी. शिकून झाल्यावर तिथे काम करायला मिळणारं परमिट. हे आयुष्यात एकदाच मिळतं. त्यासाठी कोर्स किमान आठ महिन्यांचा हवा, आणि तुम्ही प्रत्येक सेमिस्टरला फुल-टाइम असायला हवं. शेवटचा सेमिस्टर फक्त अपवाद. शिवाय भाषेची परीक्षा लागते, काही कोर्सेसना विषयाची अट आहे. अर्ज करताना ट्रान्सक्रिप्ट जोडावं लागतं, आणि कुठल्या सेमिस्टरला किती विषय होते ते त्यावर दिसतं. संस्थासुद्धा विद्यार्थ्यांच्या नोंदणीची माहिती इमिग्रेशन खात्याला वर्षातून दोनदा कळवतात. त्यामुळे "कोणाला कळतंय" हा विचार डोक्यातून काढून टाका.

म्हणजे सुरुवातीपासूनच पार्ट-टाइम कोर्स घेतला, तर शिकायला मिळेल, पण काम नाही आणि नंतरचं वर्क परमिटही नाही. त्यात खर्चाची तयारी दाखवावी लागतेच. क्वेबेक सोडून बाकी कॅनडात, एकट्या माणसासाठी पहिल्या वर्षाच्या राहण्या-खाण्याचे २२,८९५ कॅनेडियन डॉलर, १ सप्टेंबर २०२५ पासूनचा हा आकडा. ट्युशन फी आणि प्रवासखर्च वेगळा. काम करून भागवू, हा विचार अर्जात चालत नाही, आणि पार्ट-टाइमवाल्याला तर प्रत्यक्षातही चालत नाही.

मग पार्ट-टाइम कोणाला परवडतं? जे आधीच वर्क परमिटवर तिथे नोकरी करतायत त्यांना. आपल्यातले बरेच आयटीवाले या गटात आहेत. सहा महिन्यांपेक्षा मोठा संध्याकाळचा कोर्स करायचा असेल तर त्यांना साधारणपणे स्टडी परमिट काढावं लागतं, पण त्यांची नोकरी वर्क परमिटच्या जोरावर चालू असते. पीआर मिळालेल्यांना तर स्टडी परमिट लागतच नाही.

बाकी देशांचं थोडक्यात. अमेरिकेत एफ-१ व्हिसावर पूर्ण कोर्स लोड घ्यावाच लागतो. आजारपण, शेवटची टर्म असे मोजके अपवाद आहेत, तेही विषय कमी करण्याआधी कॉलेजच्या अधिकाऱ्याची परवानगी घेऊन. ब्रिटनमध्ये मास्टर्स आणि त्यापुढच्या पातळीला पार्ट-टाइम शिकायचा व्हिसा मिळतो, पण त्यावर काम करता येत नाही. ऑस्ट्रेलियात स्टुडंट व्हिसासाठी कोर्स फुल-टाइम म्हणून नोंदवलेला असावा लागतो. थोडक्यात, "अर्धं शिकू, अर्धं कमवू" ही सोय फारशी कुठेच नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तुम्ही तिथे आहात, सेमिस्टर झेपत नाहीये, विषय ड्रॉप करायचाय. काय करायचं?

एक. "फुल-टाइम" म्हणजे नेमके किती विषय किंवा क्रेडिट, हे तुमची संस्था ठरवते. काही ठिकाणी पाचातला एक सोडला तरी तुम्ही फुल-टाइम राहता, काही ठिकाणी नाही. रजिस्ट्रारला ईमेल करा आणि उत्तर लेखी घ्या. ड्रॉपचं बटण त्यानंतर.

दोन. तब्येत बिघडली, घरी कोणी गेलं, काही मोठं संकट आलं, तर संस्थेकडून अधिकृत रजा घेता येते, १५० दिवसांपर्यंत. रीतसर मंजूर झालेली रजा पीजीडब्ल्यूपीच्या आड येत नाही. पण रजेच्या काळात कामही बंद. कागदपत्रं जपून ठेवा.

तीन. शेवटच्या सेमिस्टरला दोनच विषय उरले असतील तर घाबरू नका. त्याआधी सगळे सेमिस्टर फुल-टाइम केलेले असतील, तर तेव्हा पार्ट-टाइम चालतं, कामही करता येतं.

चार. कॉलेजचं इंटरनॅशनल ऑफिस असतं, तिथे परवाना असलेले सल्लागार बऱ्याचदा फुकट भेटतात. त्यांच्याकडे जा. नियम बदलत राहतात, म्हणून आयआरसीसीच्या, म्हणजे तिथल्या इमिग्रेशन खात्याच्या वेबसाइटवर त्या दिवशी काय लिहिलंय तेही वाचा. रूममेटला विचारू नका. व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारू नका. आणि हो, मलाही शेवटचा शब्द समजू नका. मी कोड लिहिणारा माणूस आहे, वकील नाही.

त्या रात्री किचनमध्ये मला "माहीत नाही, उद्या ऑफिसमध्ये विचारून ये" एवढंच म्हणायचं होतं. आम्ही आजही बोलतो. तो मला एका शब्दाने काही म्हणत नाही. हा एपिसोड करतोय असं सांगितलं तर म्हणाला, "कर भाऊ. पण तो रजिस्ट्रारचा ईमेल नीट सांग. पोरं तेवढंच विसरतात."

सांगितलं. तुमच्या ओळखीत कोणी जानेवारी किंवा सप्टेंबरला निघणार असेल, तर हा एपिसोड त्याला आजच पाठवा. भेटू पुढच्या वेळी. काळजी घ्या!