तणाचा हिशेब कापणीआधी



समोर निम्म्याहून अधिक भातकरी बसलेत. तेव्हा राब, चिखलणी, लावणी यांत वेळ घालवत नाही. माझं एकच सांगणं आहे : तणाशी खरी लढाई बेणणीला नव्हे, कापणीच्या आधी जिंकायची असते.

कारण तणाचं बी झोपतं. ओल, ऊब मिळाली तरी उगवत नाही. या सुप्तावस्थेमुळे एका वर्षी पडलेलं बी अनेक हप्त्यांत उगवतं. आपल्या भाताची झोप माणसानं निवड करत करत कमी केली. रानटी लाल भाताची तशीच राहिली. त्या झोपेमागच्या एका जनुकाकडेच दाण्याच्या लाल रंगाचंही काम आहे, हे 2011 साली सिद्ध झालं.

झोप किती लांबते? अमेरिकेत मिशिगनला विल्यम बील या प्राध्यापकांनी 1879 साली 20 बाटल्या पुरल्या. प्रत्येकीत 21 जातींच्या पन्नास-पन्नास बिया, ओलसर वाळूत. ठरावीक वर्षांनी एकेक उकरायची. बील गेले, त्यांचे वारस शास्त्रज्ञ म्हातारे झाले, काम चालूच. 2021 साली काढलेल्या बाटलीतल्या काही बिया उगवल्या, 142 वर्षांनी! पुढची बाटली 2040 साली. (मागून आवाज : "तोवर आमचं कर्ज फिटेल!" हशा.) फिटू दे, फिटू दे! पण ही मंडळी बाटली उकरतात रात्री, अंधारात. का, ते ऐका. उजेडाची एक तिरीप पुष्कळ बियांना जागं करायला पुरते. बियांतलं फायटोक्रोम हे रंगद्रव्य तांबडा प्रकाश ओळखतं.

आता आपल्या खाचरात या. नांगर आणि चिखलणी खालचं बी वर आणतात. उजेड मिळतो, दिवसरात्रीच्या तापमानातला फरक लागतो, नत्र मिळतं. काही बिया जाग्या होतात, बाकीच्या पुढच्या पाळीची वाट बघतात. साचलं पाणी बऱ्याच तणांना दाबतं. पण पाखड या तणाच्या कुळातलं एकिनोक्लोआ क्रस-गॅली प्राणवायूवाचूनही अंकुर फोडतं.

"तणनाशक आहे की," असं पुढच्या रांगेतून ऐकू आलं. असू दे, मी त्याचा वैरी नाही. पण उगवलेल्या रोपाला मारणारं औषध झोपलेल्या बियाला मारत नाही. जमिनीतली ठेव तशीच राहते, आणि दर हंगामात आपणच तीत भर घालतो.

चिठ्ठी आली, दोनच मिनिटं उरली. मुद्दा तेवढा पुरा करतो. पाखड भाताच्या आधी पिकतं आणि झडतं. एकेक झाड हजारो बिया टाकतं. म्हणून यंदा भात पोटरीतून बाहेर पडलं, की विळा घेऊन एक फेरी मारा. भाताच्या वर डोकावणारी पाखडाची प्रत्येक लोंबी हिरवी असतानाच कापा, शेताबाहेर न्या. मजुरी परवडत नाही म्हणता? मग निदान पाण्याच्या पाटाकडचं एक खाचर घ्या, कारण तिथलं बी वाहत खालच्या सगळ्यांकडे जातं. सलग काही वर्षं करा आणि बेणणीची मजुरी वहीत मांडत जा. उत्तर त्या वहीतच मिळेल.