दोन अब्जांवरची एक मूळ संख्या
(गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



मी गणिताचा प्राध्यापक नाही. डिप्लोमा करून राज्य शासनाच्या नोकरीत लागलेला माणूस आहे. पण गणपती ही विद्येची देवता, म्हणून त्याच्यासमोर आज एका संख्येविषयी बोलतो.

बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात तांदळाचा एक दाणा ठेवा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असे दुप्पट करत जा. ३१ घरे भरली की एकूण दाणे होतात २,१४,७४,८३,६४७. म्हणजे २ चा ३१ वा घात, उणे १. ही मूळ संख्या आहे. १ आणि ती स्वतः, यांशिवाय तिला कशानेही निःशेष भाग जात नाही.

हे ठरले कसे, ती गोष्ट ऐकण्यासारखी आहे. इटलीचे गणिती काताल्दी यांनी १६०३ च्या ग्रंथात छापले की घात २३, २९, ३१ किंवा ३७ घेतला तरी मूळ संख्याच मिळते. १६४० मध्ये फ्रान्सच्या फर्मा यांनी २३ आणि ३७ खोडून काढले. २३ च्या घाताची संख्या आहे ८३,८८,६०७. ती ४७ गुणिले १,७८,४८१ एवढी भरते. पुढे ऑयलर यांनी २९ ही खोडला. चारांपैकी तीन दावे चुकले. उरला ३१.

१७७२ पर्यंत सेंट पीटर्सबर्गमध्ये राहणाऱ्या ऑयलर यांची दृष्टी जवळजवळ गेली होती. त्या वर्षी त्यांनी ३१ चा निकाल लावला. आपल्या संख्येचे वर्गमूळ सुमारे ४६,३४१. तिथपर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून पाहिले की पुरे. पण त्याही जवळपास ४,८०० आहेत! इथे एक नियम कामाला आला. घात विषम मूळ संख्या असेल, तर अशा संख्येच्या विभाजकाला घाताच्या दुपटीने भागल्यावर बाकी १ च उरते. घात ११ घ्या. संख्या २,०४७, म्हणजे २३ गुणिले ८९. दोघांनाही २२ ने भागा, बाकी १. आणखी एक नियम जोडला की ३१ साठी जास्तीत जास्त ३७२ भागाकार उरतात. एकानेही भाग गेला नाही. दावा खरा ठरला.

हीच संख्या आज संगणकात आहे. अनेक जुन्या प्रणाली १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद ३२ बिटांत मोजतात. एक बिट चिन्हासाठी जातो, उरलेल्या ३१ मध्ये मावणारी सर्वांत मोठी संख्या हीच. १९ जानेवारी २०३८ रोजी आपल्या घड्याळात सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंद झाले की ती मोजणी भरेल आणि न सुधारलेली प्रणाली पुढच्याच सेकंदाला १९०१ साल दाखवेल. तेव्हा माझी पिढी निवृत्तीला आलेली असेल. पेन्शनची तारीख बरोबर यायची, तर हे कामही आधीच तपासून ठेवायला हवे.

मित्रहो, तीन चुकीचे दावे आणि एक बरोबर दावा एकाच पुस्तकात, एकाच खात्रीने छापलेले होते. त्यांतला फरक कळला तो तपासल्यावरच. मोबाइलवर रोज येणाऱ्या मजकुराबाबतही हेच ध्यानात ठेवूया.

बालमित्रांनो, घात १३ ची संख्या ८,१९१. वरच्या नियमाने फक्त ५३ आणि ७९ ने भागून पाहा. दोन भागाकारांत ती मूळ आहे की नाही हे तुम्हीच सांगाल. माझ्या सांगण्यावर जाऊ नका.

गणपती बाप्पा मोरया!