एकोणचाळीस अंकांचा हिशेब



आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि कामगारांची पगारपत्रके तपासताना पुष्कळ झाले. तेव्हा आम्ही गणितावर बोलणार म्हणून कोणी हसले तरी आमची हरकत नाही. हिशेब कोणी मांडला हे आम्ही मागून विचारतो. तो पडताळता येतो का, हे आधी.

बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात तांदळाचा एक दाणा आणि पुढच्या प्रत्येक घरात दुप्पट, ही गोष्ट आपण ऐकलेली आहे. चौसष्टऐवजी १२७ घरे धरा. सर्व दाण्यांची बेरीज येते १७,०१,४१,१८,३४,६०,४६,९२,३१,७३,१६,८७,३०,३७,१५,८८,४१,०५,७२७. म्हणजे दोनाच्या १२७ व्या घातातून एक वजा. ही मूळ संख्या आहे. एक आणि ती स्वतः यांवाचून तिला कोणाचाही निःशेष भाग जात नाही.

हे कळले कसे? १६४४ साली मेर्सेन या फ्रेंच धर्मोपदेशकाने अशा घातांची यादी दिली. तीत ६७ होता आणि १२७ही होता. पुरावा मात्र नव्हता. भागून पाहावे तर सेकंदाला एक भागाकार केला तरी चाळीस हजार कोटी वर्षांहून अधिक काळ लागेल.

१८७६ साली एद्वार ल्युका यांनी भागाकारावाचून निर्णय देणारी रीत काढली. लेमर यांनी १९३० साली तिला दिलेले सोपे रूप सांगतो. ४ घ्या. वर्ग करा, २ वजा करा, परीक्षेच्या संख्येने भागून बाकी ठेवा. बाकीवर पुन्हा तेच. घातापेक्षा दोन कमी इतक्या खेपा झाल्यावर बाकी शून्य आली तर संख्या मूळ, एरवी नाही. दोनाच्या सातव्या घातातून एक गेला की १२७ उरतात. त्यांची परीक्षा घरी करून पाहा: बाक्या येतील १४, ६७, ४२, १११ आणि पाचव्या खेपेस शून्य. आपल्या मोठ्या संख्येला अशा १२५ खेपा लागतात.

ल्युका यांनी १२७ खरा ठरवला आणि त्याच वर्षी ६७ खोटा ठरवला. यादी एकच, सांगणाराही एकच. पण एक कलम टिकले, दुसरे पडले. ६७ चे अवयव कोल यांनी १९०३ साली काढून दाखवले. संख्या मूळ नाही हे मात्र त्याआधी सत्तावीस वर्षे सिद्ध होते. ल्युका यांची संख्या १९५१ पर्यंत ज्ञात मूळ संख्यांत सर्वांत मोठी राहिली.

आणखी एक मौज. दोनाच्या दुसऱ्या घातातून एक गेला की ३, तिसऱ्यातून ७, सातव्यातून १२७, एकशेसत्ताविसाव्यातून आपली संख्या. चारही मूळ. हीच साखळी एक कडी पुढे नेली तर? ती संख्या मूळ आहे की नाही, जगात आजही कोणाला ठाऊक नाही. कोणी मोठ्या नावाच्या बळावर उत्तर सांगू लागला, तर आपण नम्रपणे एवढेच म्हणावे : हिशेब दाखवा.